लेणे, माळवद आणि पाण्याची गाठ

निसर्गाच्या सान्निध्यात, योगसाधनेसाठी, पर्यावरणाला न दुखावणारा निवास बांधावा, ही कल्पना अलीकडे फार बोलली जाते. तिच्याबरोबर ‘मातीची घरे’, ‘परंपरेकडे परतणे’ असे शब्दही येतात. परंपरा म्हणजे नेमकी कोणती, हे मात्र कोणी विचारत नाही. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीच्या पंचक्रोशीत असा निवास उभा करायचे कोणी मनात आणले, तर त्याला या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागणार नाही. धाराशिव जिल्ह्यातच ते आहे, आणि ते वाटते तितके गोड नाही.

धाराशिव शहरापासून काही किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात लेण्यांचा एक समूह आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस यांनी त्याची सविस्तर नोंद केली. ही लेणी मुळात बौद्धांची की जैनांची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मुख्य लेण्याची रचना अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांची आठवण करून देते. खांबांच्या रांगांचा मोठा मंडप, भोवती लहान खोल्या आणि मागे गर्भगृह असा हा घाट आहे. पद्मासनात बसलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्तीही येथे आहे.

‘लेणे’ या शब्दाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी थोडे थांबून पाहावे. पश्चिम भारतातील प्राकृत शिलालेखांत ‘लेण’ हा शब्द येतो. त्याचे संस्कृत रूप ‘लयन’, म्हणजे विसाव्याची, आश्रयाची जागा. मराठीत ‘लेणे’ म्हणजे दागिनाही. आज आपण लेण्यांकडे पाहतो ते बहुधा या दुसऱ्या अर्थाने, शिल्पाचे वैभव म्हणून. भिक्षूंना आणि मुनींना अभिप्रेत होता तो पहिला अर्थ. पावसाळ्यात वाट चालायची नाही, एके ठिकाणी राहायचे, हा दोन्ही परंपरांचा नियम. बौद्ध त्याला वर्षावास म्हणतात. दिगंबर जैनांत त्याला ‘वर्षायोग’ असा शब्द आहे. योगासाठीचा निवास, तोही पावसाच्या मुदतीचा, ही गोष्ट आपल्या भाषांना इतकी जुनी आहे.

या लेण्यांचा संबंध एका काव्याशी जोडला जातो. मुनी कनकामर यांचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश चरितकाव्य साधारण अकराव्या शतकातले मानतात. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून १९३४ साली कारंजा येथील जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. त्यात राजा करकंड तेरापूरजवळच्या डोंगरातील लेण्यात येतो. तेरापूर म्हणजे आजचे तेर, असे अभ्यासकांनी मानले. पार्श्वनाथांच्या मूर्तीच्या आसनावर त्याला एक गाठ दिसते. ती शोभत नाही, म्हणून फोडायला तो सांगतो. लेणे खोदताना लागलेला झरा बुजवण्यासाठी ही गाठ ठेवली आहे, असे त्याला सांगण्यात येते. राजा ऐकत नाही. गाठ फुटते, पाण्याचा लोंढा उसळतो आणि लेणे भरून जाते. मग पश्चात्तापाने तो नवे लेणे खोदवून घेतो.

कथा म्हणून हिला चमत्काराचे वळण आहे, परंतु तिच्यातले स्थापत्याचे ज्ञान खरे आहे. दख्खनचा काळा पाषाण थराथराने बनलेला आहे. त्या थरांच्या सांध्यांतून आणि भेगांतून पाणी वाहते. डोंगर खोदणाऱ्याला ते कुठे अडवायचे, कुठे टाक्यात घ्यायचे, याचा निर्णय करावाच लागतो. राजाला जी कुरूपता दिसली ती कारागिराची तडजोड होती. सौंदर्यासाठी ती काढली आणि निवाराच गेला. काव्याचा हा भाग आम्हाला निवासस्थापत्यावरचा मार्मिक विचार वाटतो.

परंपरेचा दुसरा धडा अधिक जवळचा आणि अधिक कठोर आहे. मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब-तुळयांचे खण, वर मातीचे सपाट छत. बाहेर वैशाख पेटलेला असताना आत गारवा राहतो. सामान गावातले, कारागीर गावातला. आजच्या भाषेत याहून ‘शाश्वत’ काय असेल? आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हीच घरे कोसळून हजारो माणसे गेली.

दोष मातीचा होता, असे म्हणणे सोपे आहे. पाहणी करणाऱ्यांना मात्र वेगळे दिसले. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे थरावर थर देत छतांचे वजन वाढले होते. भिंतींचे आतले-बाहेरचे पदर बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच होते. कितीतरी ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी खण उभे राहिले. म्हणजे परंपरेतच धोका होता आणि परंपरेतच उपाय होता. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात सरळ रेषांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. दगडमातीविषयी लोकांच्या मनात जी भीती बसली, ती अनाठायी म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

म्हणून या भागात ‘मातीकडे चला’ असे म्हणणाऱ्याने आधी हा इतिहास वाचावा. गांधीजींनी १९३६ पासून सेवाग्रामला जे साधे निवास स्वीकारले, लॉरी बेकर यांनी स्थानिक सामानाने बांधण्याचा जो आग्रह आयुष्यभर धरला, त्यांतही साधेपणा हा देखावा नव्हता. त्यामागे सामान, खर्च आणि हवामान यांचा हिशेब होता. साधनेचा निवास शहरातल्या माणसाला मातीची हौस पुरवण्यासाठी बांधला, तर तो दागिन्याच्या अर्थाचे लेणे होईल. आश्रयाच्या अर्थाचे लेणे व्हायचे असेल, तर पर्जन्यछायेच्या या प्रदेशात पाणी कोणाच्या वाट्याचे घेतले, छताचा भार कोण पेलणार आणि दरवर्षीची डागडुजी कोणाच्या हातांनी होणार, यांची उत्तरे पाया खणण्याआधी द्यावी लागतील. मूर्तीच्या आसनावरची ती गाठ दिसायला चांगली नसते. ती तशीच ठेवण्याचा संयम हाही योगाचाच भाग आहे.