आगबोटीवरील पंगत आणि पोशाख

समुद्रपर्यटनास निघणारा गृहस्थ हल्लीं पहिल्यानें भाडें विचारतो, आणि लगेच दुसरा प्रश्न करतो तो जेवणाचा व कपड्यांचा. अमक्या कंपनीच्या बोटीवर रात्रीं कोट घालावाच लागतो काय? तमक्या कंपनीकडे मांसमत्स्य न खाणाराची सोय होते काय? हे प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. परंतु गेल्या पावणेदोनशें वर्षांतील आगबोटींचा इतिहास चाळून पाहिला, तर कंपनीकंपनींतील भेद उतारूला जाणवत असे तो इंजिनाच्या खोलींत नव्हे. तो भोजनगृहाच्या दाराशीं जाणवत असे. त्या दाराशीं आपले लोक कसकसे उभे राहिले, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

१८४० सालीं क्यूनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ बोट अटलांटिकवरून टपाल नेऊं लागली. ताज्या दुधासाठीं तिच्यावर गाय ठेवलेली असे. १८४२ च्या जानेवारींत चार्ल्स डिकन्स याच बोटीनें अमेरिकेस गेला आणि तिच्या लांबट, अरुंद भोजनगृहाची त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत यथेच्छ थट्टा केली. आपल्याकडे जिचें नांव सर्वतोमुखीं झालें ती पी. अँड ओ. कंपनी १८३७ सालीं निघाली व १८४० त तिला राजसनद मिळाली. तिच्या आरंभींच्या काळांत भाड्यांतच जेवण, आणि जेवणाबरोबर मद्यही, येत असे. म्हणजे जो मांस खात नाहीं व मद्य पीत नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या ताटाचे पैसे भरावयाचे! कंपनीच्या मनांत कांहीं वांकडें होतें असें नव्हे. असा उतारू आपल्या बोटीवर येईल, ही कल्पनाच तिच्या हिशेबांत नव्हती.

१८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-विलायत हा प्रवास सरळ बोटीनें साधारण तीन आठवड्यांचा झाला. उतारू वाढले, बोटी मोठ्या झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पहिल्या वर्गाच्या भोजनगृहांत रात्रीं काळा सायंकालीन पोशाख करूनच यावें, अशी चाल पक्की झाली. सामानावर चिकटविण्यास कंपनी चिठ्ठ्या देई. एकीचा अर्थ ‘प्रवासांत लागेल’, दुसरीचा ‘प्रवासांत नको’. ‘नको’ची चिठ्ठी लागलेली पेटी थेट बोटीच्या पोटांत जाई, ती मुक्काम येईपर्यंत दृष्टीस पडत नसे. नवशिक्यानें जेवणाचा काळा कोट चुकून त्या पेटींत टाकला, तर पुढचे तीन आठवडे त्याला रोज रात्रीं सर्वांच्या देखत चुकीच्या कपड्यांत बसावें लागे. अटलांटिकवर तर निघाल्याची पहिली रात्र व पोहोंचण्याची आदली रात्र या दोन रात्रीं तो पोशाख करूं नये असा संकेत होता. कारण एके रात्रीं पेट्या उघडलेल्या नसत आणि दुसऱ्या रात्रीं त्या बांधून झालेल्या असत. तांबड्या समुद्राच्या उकाड्यांत मात्र साहेबालाही घाम फुटे. तेथें बोटींवरील अधिकारी कोट काढून पांढरा सदरा, काळी विजार आणि कमरेस पट्टा एवढ्यावर जेवावयास बसूं लागले, आणि ‘तांबड्या समुद्राचा वेष’ म्हणून इंग्रजींत तो शब्द आजही चालतो.

यांतील बरेंचसें भिंतीवर लिहिलेलें नसे, हीच खरी अडचण होती. छापील नियम परक्या माणसालाही वाचतां येतो. न लिहिलेला नियम मात्र ज्याच्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला त्यालाच ठाऊक. याचें सर्वांत बोलकें उदाहरण १८८८ सालचें आहे. त्या वर्षीं ४ सप्टेंबरला ‘क्लाइड’ बोटीनें मोहनदास गांधी नांवाचा अठरा वर्षांचा मुलगा मुंबईहून निघाला. सोबतीला जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. मुलाला कांटे-चमचे धरतां येत नव्हते, आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें वाढप्याला विचारण्याचें धैर्य नव्हतें. म्हणून तो भोजनगृहांत गेलाच नाहीं. घरून आणलेली मिठाई आणि फळें हीं आपल्या खोलींत बसून खाऊन त्यानें बहुतेक प्रवास काढला. एका सहृदय इंग्रज उतारूनें त्याला सांगितलें कीं, येथवर ठीक आहे, पण बिस्केच्या उपसागरांत मांसावांचून निभाव लागणार नाहीं. उपसागर आला आणि गेला. मांसाची गरज लागली नाहीं. मांस खाल्लें नाहीं अशीं प्रशस्तिपत्रेंही त्यानें जमविलीं; पुढें मांस खाणारालाही तसलें पत्र मिळूं शकतें हें कळल्यावर त्याला त्यांचें कांहीं वाटेनासें झालें. कपड्यांचीही तीच गत. बोटीवर काळा सूट वापरून, उतरतांना शोभावा म्हणून त्यानें पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट जपून ठेवला होता. सप्टेंबरच्या अखेरीस तो घालून उतरला, तेव्हां सगळ्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांतला तो एकटाच, आणि बाकीचें सामान किल्ल्यांसकट दलालाच्या स्वाधीन केलेलें!

भोजनगृहांत अन्न भरपूर होतें, त्याचे पैसेही भरलेले होते, आणि तरी तो मुलगा त्या दारांतून आंत जाऊं शकला नाहीं. बुद्धि कमी होती म्हणावें, तर तसें म्हणण्याची आज कोणाची छाती होणार नाहीं.

याच्या पांच वर्षें आधीं, ७ एप्रिल १८८३ रोजीं, आनंदीबाई जोशी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीनें कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोंचल्या. वय अठरा. सोबतीला मिशनरी स्त्रिया, नवरा नाहीं, कोणी नातलग नाहीं. निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील जाहीर भाषणांत त्यांनीं सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन. त्यांनीं साडी सोडली नाहीं व शाकाहारही सोडला नाहीं. अमेरिकेंत गेल्यावर नऊवारी नेसणें तेथील नजरेला व थंडीला सोयीचें नाहीं असें पाहून त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास सुरुवात केली, एवढीच काय ती तडजोड. त्या तडजोडीबद्दलही त्यांना घरच्यांचे बोल ऐकावे लागले. म्हणजे एकीकडे बोटीचा संकेत आणि दुसरीकडे घरचा संकेत, अशा दुहेरी कात्रींत हीं माणसें सांपडलेलीं असत, आणि आपण मात्र त्यांच्यावर टीका करतांना एकच बाजू पाहतों.

श्रीमंतांनीं या प्रश्नावर काढलेला तोडगा अगदींच निराळा होता. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकास जयपूरचे महाराज दुसरे माधोसिंह निघाले, ते कंपनी निवडण्याच्या भानगडींत पडलेच नाहींत. त्यांनीं ‘ऑलिंपिया’ ही नवी बोटच भाड्यानें घेतली. जिच्यावर कधीं गोमांस शिजलें नाहीं अशीच बोट त्यांना पाहिजे होती. गंगाजळासाठीं चांदीचे प्रचंड कुंभ बरोबर घेतले. त्यांतील दोन आजही जयपूरच्या राजवाड्यांत पाहावयास मिळतात. एकेकाचें वजन सुमारें ३४५ किलो असून त्यांत चार हजार लिटरांहून अधिक पाणी मावतें. सोवळें सांभाळावें तर असें सांभाळावें. फक्त त्याला संस्थान लागतें.

आतां वाढणाऱ्यांविषयीं. पी. अँड ओ. च्या बोटींवरील डेकचे खलाशी व त्यांचे सारंग यांत आपल्या रत्नागिरीकडील मुसलमान पुष्कळ असत, आणि भोजनगृहांतील वाढपी बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती. मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास गांवोगांवच्या ‘कुडां’त ते पाळी येईपर्यंत उतरत. कोणत्या पदार्थाबरोबर कोणता कांटा, कोणती सुरी, हें त्या गोंवेकरांना बॅरिस्टरांहून अधिक ठाऊक होतें. पण त्या मेजाशीं बसण्याचा अधिकार त्यांना नव्हता. खलाशांचें जेवण भंडारी वेगळें शिजवी. मी लहानपणीं मुंबईहून कोंकणांत जाणाऱ्या बोटींच्या खालच्या डेकवर बसून गेलों आहें. तेथें कोणी कोणाच्या कपड्यांकडे पाहत नसे. बोट सुटली कीं सगळीकडे भाकऱ्यांचीं फडकीं सुटत, आणि लाटांत ज्याला जेवण जात असे तोच त्या पंगतींतला थोर.

निवड करण्याची मुभा उतारूला मिळूं लागली ती जर्मन कंपन्यांच्या चढाओढीनें. हँबुर्ग-अमेरिका कंपनीनें १८९१ सालीं हिंवाळ्यांत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ बोट २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्रांत केवळ सहलीसाठीं पाठविली. याच कंपनीच्या ‘अमेरिका’ बोटीवर १९०५ सालीं स्वतंत्र उपाहारगृह निघालें. आपल्या वेळेस जावें, आपल्याला हवें तें मागावें आणि त्याचे निराळे पैसे द्यावे. १९१२ त बुडालेल्या ‘टायटॅनिक’वरही असें एक होतें. तिकडे जाणारे लोक अर्थात्‌ लक्षाधीश होते. तरीपण सर्वांनीं एका घंटेला एकाच मेजाशीं बसावें, हा नियम प्रथम तेथें मोडला.

१९३१ च्या ऑगस्टअखेरीस गांधीजी पुन्हा पी. अँड ओ. च्या बोटीवर चढले. या वेळीं ‘राजपुताना’, आणि वर्ग दुसरा. अंगावर पंचा व शाल, आहार बकरीचें दूध आणि फळें, बैठक डेकवर. सोबत्यांनीं आणलेलें जास्तीचें सामान त्यांनीं एडनहून परत धाडावयास लावलें. कंपनी तीच, समुद्र तोच, आहारही फारसा बदललेला नाहीं. त्रेचाळीस वर्षांपूर्वीं खोलीच्या दाराआड खाणारा माणूस आतां उघड्यावर बसून खात होता.

१९५८ सालीं अटलांटिकवरून जेट विमानें उडूं लागलीं आणि कोठें तरी पोहोंचण्यासाठीं बोटीनें जाण्याचें कारण उरलें नाहीं. उरलें तें पर्यटन. पर्यटनाच्या कंपन्यांत जुना भेद मात्र नव्या रूपानें टिकला आहे. क्यूनार्डच्या ‘क्वीन मेरी २’ वर आजही कांहीं रात्रीं समारंभाचा पोशाख सुचविलेला असतो, आणि महागड्या खोल्यांच्या उतारूंसाठीं भोजनगृहें वेगळीं आहेत. उलट नॉर्वेजियन कंपनीनें २००० सालापासून ठराविक वेळ, ठराविक मेज आणि सक्तीचा पोशाख हीं तिन्ही काढून टाकण्याचें धोरण जाहीर केलें. मला स्वतःला एखाद्या रात्रीं सर्वांनीं नीटनेटकें होऊन बसणें आवडतें. लग्नाच्या पंगतीला आपणही मळके कपडे घालून जात नाहीं. परंतु तें कंपनीनें आधीं छापून कळवावें, आणि ज्याला नको असेल त्याच्यासाठीं दुसरें दार उघडें असावें. हल्लीं बहुतेक कंपन्या हें कळवितात. भाडें भरण्यापूर्वीं तें वाचणें आपल्या हातीं आहे.

२०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीनें मुंबईहून पर्यटनाच्या फेऱ्या सुरू केल्या. तिच्या भोजनगृहांत शाकाहारी व जैन जेवण मागून मिळतें. ‘क्लाइड’ बोट निघाली होती तीही याच मुंबई बंदरांतून.