तालीम, पहिलवान आणि पडदा



स्मृतिव्याख्यानाला हाणामारीच्या चित्रपटांचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु बीदर आणि गुलबर्गा (2014 पासून कलबुर्गी) या सीमाभागातील जिल्ह्यांचा सांस्कृतिक इतिहास केवळ ग्रंथांवरून लिहिता येणार नाही, असे माझे मत आहे. येथे एकाच बाजारात मराठी, कन्नड, दखनी उर्दू आणि तेलुगू ऐकू येते. माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात हुमनाबादजवळ बसून यांतल्या एकाहून अधिक भाषांत पदे रचली. शब्दांनी साधलेला तसा मेळ पुढे क्वचितच दिसतो. शरीराच्या भाषेने मात्र तो साधला. आधी आखाड्यात आणि मग पडद्यावर.

प्रथम शब्दच पाहू. कुस्ती, पहिलवान, पेच हे फारसीतून आलेले. आपला वस्ताद म्हणजे ‘उस्ताद’. कन्नडातही कुस्ती आणि पैलवान आहेतच. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द तर मोठा बोलका आहे. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत तांबड्या मातीची जागा, आणि नाटकाचा सरावही. निजामी राजवटीत या शब्दाच्या दोन्ही अर्थांवर सरकारची सारखीच करडी नजर होती. खासगी शाळा काढायची तरी परवानगी, आखाडा काढायचा तरी परवानगी. 1938-39 च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागील गाऱ्हाण्यांत या दोहोंचा समावेश होता. कचेरी उर्दूत, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत. अशा मुलखात ज्याला अक्षर लाभले नाही त्याला डाव तरी लाभला.

मूकपटांच्या काळात मारामारीच्या चित्रपटांचा एक मोठा नायक मराठी होता, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल साहसपटांतील तलवारबाजीमुळे लोकप्रिय झाले. 14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला, त्याचे नायकही तेच. पण त्यांची उर्दू-हिंदी कच्ची, म्हणून त्यांच्या वाट्याला संवाद फारसे ठेवले नाहीत, अशी हकिकत चित्रपटाच्या इतिहासात सांगितली जाते. पडदा बोलू लागला आणि मराठी वीराची जीभ अडखळली! भाषेच्या अध्यापकाला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. उर्दू वर्गात बसलेल्या बीदरच्या मराठी मुलाची हीच गत होती. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या नादियाने मात्र 1935 च्या ‘हंटरवाली’त दाखवून दिले की, चाबूक नीट चालला तर उच्चार कोणी विचारीत नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी दोन राज्यांत विभागल्या, भाषा वादाचा विषय झाली, 1966 साली महाजन आयोग नेमावा लागला. याच दशकात दारासिंगांचे ‘किंगकाँग’ (1962) आणि ‘फौलाद’ (1963) आले. पंजाबचा हा मल्ल 1954 साली ‘रुस्तुम-ए-हिंद’ ठरला होता. प्रेक्षकांनी त्याला नट मानलेच नाही, पहिलवानच मानले. डाव खरा की लुटुपुटीचा हे ओळखणारी नजर इथल्या जत्रांतील कुस्त्यांच्या फडांनी घडवली होती. 1969 चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. 1950 साली ते जन्मले तेव्हा हे गाव बीदर जिल्ह्यातच होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्याविषयी सारखाच अभिमान वाटावा, यात आश्चर्य ते काय?

पुढे ब्रूस ली आला. 20 जुलै 1973 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो हाँगकाँगमध्ये वारला. ‘एंटर द ड्रॅगन’ लोकांनी पाहिला तो त्याच्या मृत्यूनंतर. त्याची विद्या चिनी कुंग-फूच्या परंपरेतली. कराटे ही ओकिनावा-जपानची. आपल्या बोलीने हा भेद मानला नाही, सगळ्यालाच ‘कराटे’ म्हटले. (जपानीत या शब्दाचा अर्थ ‘रिकामा हात’, रिकाम्या हाताच्या आमच्या तरुणांना तो आवडला, हे योग्यच झाले.) 1983 साली ‘कराटे’ याच नावाचा मिथुन चक्रवर्तींचा हिंदी चित्रपट आला. तेलुगूत सुमन आणि कन्नडभाषक अर्जुन सर्जा याच वाटेने लोकप्रिय झाले.

या प्रवासात एक गोष्ट हातची गेली, हे सांगितले पाहिजे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला नाव असते, गाव असते. सलामी देताना त्याच्या हाताला हात लागतो आणि हरलेलाही वाजतगाजत गावी परततो. पडद्यावरच्या मारामारीत एक नायक आणि मार खाणारे वीस अनामिक. मराठी, कन्नड, मुसलमान अशी पोरे चित्रपटगृहात एकत्र बसून शिट्टी मारीत, हे खरेच. पण तालमीत तीच एकमेकांच्या अंगाला माती लावीत. पहिल्या एकत्र येण्याला तिकीट पुरे, दुसऱ्याला वर्षे लागत. आमच्या वाङ्मयेतिहासांनी या दोहोंचीही फारशी दखल घेतली नाही, याचे मला वैषम्य वाटते.

आता सरकारी शाळांतील मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते आणि त्यात कराटेही शिकवतात. मास्टर विठ्ठलांच्या तलवारीपासून निघालेली वाट शाळेच्या मैदानावर, मुलींच्या हाती पोहोचली आहे. आणि ‘तालीम’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे पुन्हा एकाच आवारात नांदत आहेत.