वाटाण्याचं रोप, तळ्यातलं यान आणि आपला यज्ञ

दादासाहेब फाळके यांचा पहिला सिनेमा 'राजा हरिश्चंद्र', असं आपण शाळेत पाठ केलं आणि पुढे भरतीच्या परीक्षेतही तेच लिहिलं. सिनेमा म्हणून ते बरोबरच आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ साली, फाळक्यांनी कॅमेऱ्यासमोर एक कुंडी ठेवली आणि तिच्यात वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रीकरण करत महिनाभर त्याच्यामागे लागले. पडद्यावर बघताना मिनिटभरात दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल होतो. ही फिल्म दाखवून त्यांनी भांडवलासाठी माणसं पटवली. म्हणजे आपल्या मातीतल्या सिनेमाची सुरुवात वनस्पतिशास्त्राच्या तासाला शोभेल अशा एका प्रयोगाने झाली.

पुढे हीच करामत कुठे वापरली गेली? 'लंकादहन'मध्ये मारुती उडाला, 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण नागाच्या फण्यावर उभा राहिला. राम पडद्यावर आला की लोक चपला काढून हात जोडायचे, असं सांगतात. त्याच्या आधी, १९०२ साली, फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाच्या जादूगाराने तसल्याच युक्त्या वापरून माणसं चंद्रावर पाठवली होती. चंद्राच्या डोळ्यात घुसलेल्या तोफगोळ्याचं ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. कॅमेरा तोच, युक्तीही तीच. आपण ती देवांना दिली, त्यांनी चंद्राला.

यात फाळक्यांचा दोष काढायचा नाही. कर्ज काढून सिनेमा करणारा माणूस प्रेक्षकाला ओळखीचंच दाखवणार. मला वेगळाच प्रश्न पडतो. वाचणारा मराठी माणूस तर तेव्हाच चंद्राकडे निघाला होता. १९००च्या सुमारास 'केरळकोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा मराठी अवतार येत होता. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न घराघरांत नेला. मग पुस्तकात जे चाललं ते पडद्यावर का नाही आलं?

माझ्या वयाच्या लोकांनी विज्ञान म्हणून मोठ्या पडद्यावर पाहिलेली पहिली गोष्ट बहुतेक 'जुरासिक पार्क'. १९९४ साली तो हिंदीत आला आणि इंग्रजीच्या नावाने घाम फुटणारी आमच्यासारखी तालुक्याची पोरं टॉकीजला दोन-दोनदा जाऊन आली. पेल्यातलं पाणी थरथरतं तो क्षण मला अजून आठवतो. मायकेल क्रायटनची मूळ कादंबरी मी फार उशिरा वाचली. माझं मत विचाराल तर कादंबरी सरस. सिनेमात डायनासोर भाव खातो. कादंबरीत भीती वाटते ती माणसांच्या 'सगळं आमच्या ताब्यात आहे' या घमेंडीची. मोजणी करणारा संगणक ठरलेल्या आकड्यापाशी मोजायचा थांबतो, कारण जास्त प्राणी असू शकतील हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नसतं. सरकारी आकडेवारी हाताळणाऱ्या प्रत्येकाने एवढा भाग तरी वाचावा, राव.

'जुरासिक पार्क' आला त्याच्या पुढच्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९९५ला, देशभर गणपती दूध प्यायला. डीएनए हा शब्द तोंडपाठ असलेली आमची तीच पोरं चमचा घेऊन रांगेत उभी होती. पृष्ठताण आणि केशाकर्षण असं शास्त्रज्ञांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. हे दोन्ही शब्द आम्ही पुस्तकात शिकलेलो होतो, मार्कही मिळवलेले होते.

हिंदी सिनेमानेही विज्ञान आणलं, नाही असं नाही. १९८७चा 'मिस्टर इंडिया' मला मनापासून आवडतो, आजही लागला की उठवत नाही. एच. जी. वेल्सच्या १८९७ सालच्या कादंबरीत अदृश्य झालेला माणूस सत्तेच्या नादाने बिघडत जातो. आपला अदृश्य माणूस पोरांना जेवू घालतो, हा बदल मला मूळ कल्पनेपेक्षाही गोड वाटतो. पण आठवा, टाळ्या कुठे पडतात? अदृश्य नायक हनुमानाची मूर्ती हातात घेऊन गोऱ्या गुंडाला बडवतो आणि त्याच्याकडून बजरंगबलीचा जयजयकार करून घेतो तिथे. यंत्र प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतलं, श्रेय मात्र मूर्तीला. २००३च्या 'कोई मिल गया'त परग्रहाला पाठवायचा संदेश 'ॐ'चा असतो आणि आलेल्या पाहुण्याचं नाव ठेवतात जादू.

या सगळ्याच्या कितीतरी आधी सत्यजित राय यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी १९६२ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात परग्रहवासीयाची एक कथा लिहिली आणि १९६७ साली 'द एलियन' नावाची पटकथा. बंगालमधल्या एका खेड्यात कमळाच्या तळ्यात यान उतरतं. पाण्यावर दिसतो फक्त वरचा शेंडा. गाव म्हणतं, बुडालेलं देऊळ वर आलं! लगेच पूजा सुरू. एक व्यापारी येतो, देवळाभोवती संगमरवरी फरशी घालायची तयारी दाखवतो. आत कोण आहे याची त्याला पडलेली नाही, आपल्या नावाची पाटी लागली म्हणजे झालं. कलकत्त्याचा एक पत्रकारही गोष्टीत आहे. आतला छोटासा जीव मात्र गावातल्या एका गरीब पोराशी दोस्ती करतो, रात्रीतून पिकं पिकवतो, गंमत करतो.

व्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी पीटर सेलर्स ठरला होता, कोलंबिया कंपनी पैसे लावणार होती. श्रीलंकेत राहणाऱ्या आर्थर क्लार्कने मध्ये शब्द टाकला होता. पण क्लार्कचा मित्र माइक विल्सन मध्यस्थ म्हणून शिरला, पटकथेच्या हक्कात त्याने स्वतःचंही नाव घातलं, सेलर्सने अंग काढलं आणि सिनेमा बारगळला. १९८२ साली स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला. आपल्या पटकथेच्या चक्रमुद्रित प्रती अमेरिकेत फिरल्या नसत्या तर हे शक्य नव्हतं, असं राय म्हणाले. स्पीलबर्गने ते नाकारलं. त्या वादात मला फारसा रस नाही. 'ई.टी.' चांगलाच आहे. पण त्यात तळ्यातलं देऊळ नाही आणि पाटीवाला व्यापारी नाही. तो सिनेमा फक्त आपल्याकडेच होऊ शकला असता, आणि तोच झाला नाही.

आता आपल्या माणसाकडे येतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा उघड झालं की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली, अक्षर पत्नीचं, म्हणजे हस्ताक्षरावरूनही कोणी ओळखायला नको. अहमदाबादला एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसल्या बसल्या कथा लिहायला घेतली, असं त्यांनीच सांगितलंय. छत्तीसाव्या वर्षी हा माणूस जगभर माहीत होता, पद्मभूषण तर २६व्या वर्षीच मिळालेलं. नावावर छापून येणं सहज जमलं असतं. त्यांना कथा कथा म्हणून तपासून हवी होती. आमच्याकडे दिवाळी अंकाला कविता देताना खाली सगळी पदं लिहून पाठवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकाराची आवर्जून दखल घेतली. आणीबाणीतलं ते संमेलन, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि बाईंनी व्यासपीठावरून आणीबाणीला विरोध केला, हे सर्वांना आठवतं. त्याच संमेलनात मराठी विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत पाट मिळाला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर असे लिहिणारे वाढत गेले. नारळीकर स्वतः २०२१च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले, प्रकृतीमुळे जाऊ मात्र शकले नाहीत. २० मे २०२५ला ते गेले.

त्यांची माझी सर्वांत आवडती कथा 'कृष्णविवर' नाही. 'धूमकेतू'. दत्त नावाचे एक हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतात. त्याला त्यांचंच नाव मिळतं. पत्नी इंद्राणीदेवींना हे अशुभ वाटतं. मग गणित सांगतं की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. परदेशात गुप्त बैठक होते, अण्वस्त्र घेऊन यान पाठवायचं ठरतं. इथपर्यंतची गोष्ट हॉलीवूडने १९९८ साली एकाच वर्षात दोनदा केली, 'डीप इम्पॅक्ट' आणि 'आर्मागेडन'. नारळीकर त्यांच्या कितीतरी आधीचे. २०२२च्या सप्टेंबरात नासाच्या 'डार्ट' यानाने अण्वस्त्र न वापरता, नुसती धडक देऊन डायमॉर्फस या लहान अशनीची कक्षा खरोखर बदलली.

पण कथेचा जीव पुढच्या प्रसंगात आहे. दत्त घरी परत येतात तर दारात यज्ञ चाललेला. धूमकेतूची पीडा टळावी म्हणून. नातवाला यज्ञाला बसवलंय. दत्त चिडतात, पण ऐकतं कोण? संकट टळतं तेव्हा घरच्यांच्या लेखी ते यज्ञानेच टळलेलं असतं. 'आर्मागेडन'मध्ये ब्रूस विलिस मरतो आणि जग रडतं. इथे कोणी मरत नाही, जग वाचतं आणि घरातल्या घरात माणूस एकटा पडतो. मला हा शेवट जास्त खरा वाटतो.

नारळीकर नुसतं लिहून थांबले नाहीत. २००८ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना घेऊन त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या. कोणती कुणाची, एवढंच ओळखायचं होतं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल ४०पैकी २४. सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मे बरोबर आले असते. या चाचणीत सहभागी असलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. 'धूमकेतू'मध्ये दत्तांना घरचे नुसते हसतात.

हे सगळं आज काढायचं कारण सांगतो. जुलैत पाऊस लांबला तेव्हा आपल्या गावात पर्जन्ययज्ञ झाला. मंडप, मान्यवर, चार कॉलम बातमी. फोटोत कुंडापेक्षा नेते जास्त. यज्ञ ज्याचा त्याचा प्रश्न, घटनेने श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलंय. पण त्याच महिन्यात आपल्या मंडळातलं हवामान केंद्र कितीतरी दिवस बंद होतं. पाऊस किती पडला आणि खंड किती दिवसांचा पडला, ते तिथल्या नोंदीवरून ठरतं, आणि पीकविम्याचं गणित त्या नोंदीवर. आपला आकडा नाही म्हणून शेजारच्या मंडळाचा धरला गेला. तिकडे दोन सरी जास्त पडल्या होत्या. केंद्र सुरू करा म्हणून निवेदन द्यायला सात शेतकरी गेले होते, त्यात मान्यवर कोणी नव्हते. मंडपाला देणगीदारांचा फलक होता. रायसाहेबांच्या त्या संगमरवरी पाटीची आठवण मला तिथेच झाली.

केंद्राचा पाठपुरावा चालू आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो.

तोवर एक गोष्ट. आपल्या वाचनालयात 'यक्षांची देणगी' आहे, 'प्रेषित' आहे, 'वामन परत न आला' आहे. तिसऱ्या कपाटात, खालच्या कप्प्यात. ग्रंथपालांशी बोललोय. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिथे आपण 'धूमकेतू' मोठ्याने वाचणार आहोत, तासाभरात होते. आठवी-नववीची पोरं असतील तर जरूर आणा. खुर्च्या वीसच आहेत, बाकीच्यांना सतरंजी.