शंभर दिवसांनंतरचं शहर
आता आपण जर्मनीतल्या कासेलला जाऊ. १९४३च्या बॉम्बहल्ल्यात हे शहर बेचिराख झालं. तिथेच १९५५मध्ये आर्नोल्ड बोडे यांनी ‘डॉक्युमेंटा’ सुरू केलं. या प्रदर्शनाची मुदत शंभर दिवसांची.

१९८२मध्ये योसेफ बॉइस यांनी तिथल्या संग्रहालयासमोर बेसाल्टचे ७००० दगड आणून टाकले. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीतला काळा दगड. अट एकच : शहरात एक झाड लागलं, की ढिगातला एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवायचा. ढीग पाहून बरेच कासेलकर चिडले. पण तो कमी व्हायचा तर झाडं लावणं आलंच! बॉइस १९८६मध्ये गेले. शेवटचं झाड १९८७मध्ये त्यांच्या मुलाने लावलं.

शहरभर कलाकृती मांडणं आपल्यालाही जमेल. पण शंभर दिवसांनंतर पाणी कोण घालणार, हे आपण आधी ठरवतो का?