ज्वारीच्या हप्त्याचा विमा : सेवाग्रामची गोष्ट

१/ आरोग्यविम्याचा हप्ता पैशांत भरतात. वर्धा जिल्ह्यातील काही गावांनी मात्र तो ज्वारीत भरला. मधुमेहासारख्या जन्मभराच्या आजाराला विमा का पुरा पडत नाही, हे समजून घ्यायचे तर हा इतिहास ठाऊक असावा.

२/ १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास आले. पुढे त्याचे नाव सेवाग्राम झाले. १९४४ मध्ये कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या नावाने डॉ. सुशीला नायर यांनी येथे स्त्रिया व मुलांसाठी लहानसे रुग्णालय उभारले. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यालाच जोडून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

३/ रुग्णालय दाराशी आले; पण शेतमजुराच्या हाती रोकड कोठून येणार? त्याच्या घरी धान्य येई तेही सुगीलाच. म्हणून १९८०च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू व सहकाऱ्यांनी हप्ता सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने घेण्याची योजना आखली. ज्याची जमीन अधिक, त्याची ज्वारी अधिक. भूमिहीनाचा वाटा सर्वांत कमी.

४/ अट एकच, पण कळीची : गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच योजना लागू. केवळ आजारीच सभासद झाले, तर कोणताही विमानिधी लवकर आटतो. निरोग्याचे धान्य आजाऱ्याच्या कामी यावे, हेच विम्याचे मर्म. १८८३ मध्ये जर्मनीत बिस्मार्कने कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा केला, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व होते.

५/ योजनेने आजारांत भेद केला. अवचित आलेल्या दुखण्यावर रुग्णालयात मोफत उपचार. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या आधी ठरवता येणाऱ्या उपचारांत मात्र रुग्णाचाही वाटा. विमा अनिश्चिततेसाठी असतो, हे त्यामागील तर्कशास्त्र.

६/ मधुमेहाची अडचण नेमकी येथेच आहे. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि अल्पावधीत जीव घेणारा आजार जन्मभर सांभाळण्याचा झाला. त्याचा खर्च अवचित नव्हे, रोजचा आहे. म्हणूनच खासगी विमा कंपन्या आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लावतात. २०२४ पासून भारतात त्याची कमाल मर्यादा ३ वर्षे आहे. परदेशी जाणाऱ्या मधुमेहीलाही प्रवासविम्यात बहुधा हीच भिंत आडवी येते.

७/ सेवाग्रामच्या योजनेत रुग्णालयाबरोबर गावातच आरोग्यसेवक आणि साधी औषधेही होती. रोजच्या आजाराला रुग्णालयातील खाटेपेक्षा अशा दाराशी येणाऱ्या सेवेची गरज अधिक असते. विमा संकट पेलतो. नित्याचे ओझे मात्र समाजाने मिळूनच उचलावे लागते. ज्वारीच्या राशीने शिकवलेला धडा तो हाच.