जहरी नारळ

आजीच्या गुटीच्या डब्यात हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग यांच्या सोबतीला एक पिवळट पांढरा, शिंगासारखा टणक तुकडा असे. आमचं पोट बिघडलं की सहाणेवर त्याचे दोन वेढे. "हे काय गं?" म्हटलं की ती सांगायची, "जहरी नारळ. दर्यात होतो."

दर्यात नारळ कसा होईल, हे तिला विचारायची सोय नव्हती. पुढे वाचू लागल्यावर कळलं, म्हातारी एकटी नव्हती. मुंबई बेट पट्ट्यानं घेणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात याच नारळाची चर्चा केली आहे. मालदीवची जमीन पूर्वी सलग होती, ती बुडाली, तिच्यासोबत माडही बुडाले, त्यांचेच हे नारळ, अशी तेव्हाची समजूत त्यानं नोंदवली. आंबोनचा रुंफियस तर मोठा वनस्पतिज्ञ, पण त्यानंही झाड समुद्रातच वाढतं असं लिहून ठेवलं.

मालदीवच्या किनाऱ्यावर लागलेला नारळ राजाचा. 1602 साली जहाज फुटून तिथं अडकलेला फ्रेंच खलाशी पिरार सांगतो, कुणी एकाएकी श्रीमंत झाला की लोक म्हणत, याला नारळ नाहीतर अंबर सापडलं असणार!

आमच्या दारी येणाऱ्या फकिराच्या हातात याच करवंटीचं कश्कूल होतं. काळंभोर, होडीसारखं निमुळतं, पितळी साखळीचं. तांदूळ घालताना मी त्याच्या काठावरून हळूच बोट फिरवायचे. वर्षानुवर्षं हात लागून तो काठ गुळगुळीत झाला होता.

कोडं सुटलं 1768 मध्ये. सेशेल्सच्या प्रालँ बेटावर फ्रेंच मोहिमेतल्या बारे नावाच्या मोजणीदाराला हा माड जमिनीवर, डोंगरउतारावर उभा दिसला. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात आणि त्याचं वजन 20 किलोंच्याही वर जातं. इतकी शतकं फसगत का झाली, त्याचं उत्तरही या वजनातच आहे. ताजा नारळ पाण्यात दगडासारखा बुडतो. आतला गर कुजून करवंटी पोकळ झाली, तरच ती तरंगते, आणि तोवर त्यातलं बी मेलेलं असतं. म्हणून तो कुठल्याही किनाऱ्याला लागला, तरी रुजला मात्र कुठंच नाही. झाडच दिसलं नाही, तर माणूस दर्याकडे बोट दाखवणार नाही तर काय करणार?

ठिकाण कळल्यावर एका फ्रेंच कप्तानानं जहाज भरून नारळ हिंदुस्थानात आणले. भाव कोसळला. राजांच्या खजिन्यातली वस्तू काष्ठौषधीच्या दुकानात आली, तिथून आजीच्या डब्यात.

शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं लोडोइसिया माल्डिविका. तेच अजून चालू आहे, आणि मालदीवमध्ये हे झाड आपसूक कधीच उगवलेलं नाही.