क्रॉसिंग पडलंय की वायर तुटली?

2020चा मे महिना. लॉकडाउनमुळे पुणं सोडून मी सोलापूरला घरी आलो होतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून दूरच्या सर्व्हरवर काम चालायचं. एका रात्री पुरवठादारांच्या खात्यात पैसे जमा करणारा प्रोग्राम सुरू केला आणि स्क्रीन गोठली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कर्सर हलेना. कनेक्शन तुटलं असं धरून मी पुन्हा लॉगिन केलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

पहिला प्रोग्राम तिकडे चालूच होता. मी गेलोय याचा सर्व्हरला पत्ताच नव्हता. काही जणांना दोनदा पैसे गेले. पुढचे तीन दिवस फोन करकरून ते परत मागण्यात गेले.

आजोबा निवृत्त स्टेशन मास्तर. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मग गोळा कुणाकडं होता?"

सोलापूरला रेल्वे आली 1860 मध्ये. भिगवण ते मोहोळ हा पट्टा मात्र अगदी अलीकडेपर्यंत एकेरी होता. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाणाऱ्यांना आठवेल : केमला, नाहीतर जेऊरला गाडी उभी राहायची आणि कुणीतरी जांभई देत म्हणायचं, "क्रॉसिंग पडलंय." एकेरी मार्गावर समोरून गाडी येत नाही ना, हे कळायला पुढच्या स्टेशनशी बोलावं लागतं. एके काळी ते बोलणं तारेवर चालायचं.

पण नुसतं बोलणं पुरत नाही. 10 सप्टेंबर 1874 च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि 25 माणसं मेली. तारयंत्र ठणठणीत होतं. घोळ झाला तो निरोपाचा. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी असं यंत्र बनवलं, की ज्यात परवानगी म्हणजे शब्द नसून हातात धरायची वस्तू होती. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर त्याच घराण्यातलं नील यांचं बॉल टोकन आलं. शेजारच्या दोन स्टेशनांवरची यंत्रं तारेनं जोडलेली. पलीकडच्या मास्तरानं वीज सोडल्याशिवाय लोखंडी गोळा बाहेर पडत नाही. आणि एक गोळा बाहेर असेल तर दोन्हीकडून दुसरा निघत नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा.

आता वायर तुटली तर? गोळा निघतच नाही. शांततेचा अर्थ 'नाही', हे आधीच ठरलेलं. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये हेच रुळांवर केलं. मार्ग मोकळा असताना रुळांतून सतत वीज वाहती ठेवायची. गाडी आली, रूळ तुटला, बॅटरी संपली, काहीही झालं तरी सिग्नल लाल.

आजोबांनी सांगितलेला सगळ्यात भारी नियम मात्र पुढचा. एकेरी मार्गावर टोकन, फोन, सगळंच बंद पडलं तर 'संपर्क उघडायला' एक सुटं इंजिन पाठवतात. लेखी हुकूम हातात, वेग ताशी 15 किलोमीटरच्या आत, दिसत नसेल तर आणखी कमी. पलीकडे जाऊन विचारायचं, उत्तर घेऊन परत यायचं. तोवर बाकी गाड्या उभ्या. म्हणजे सरपटत जाणारा 'पिंग'च!

इंटरनेटनं हा प्रश्न नव्यानं ओढवून घेतला. टीसीपीत दोन टोकं गप्प असली तरी कनेक्शन जिवंतच धरलं जातं. 1989 च्या आरएफसी 1122 नं 'आहेस का?' विचारायची मुभा दिली, पण ती मुळात बंद असावी आणि दोन तासांच्या आत विचारू नये, असंही सांगितलं. भीती ही, की क्षणभराच्या बिघाडात चांगली कनेक्शनंही मारली जातील. आजही लिनक्समध्ये मूळ आकडे असे : 7200 सेकंद वाट, मग 75 सेकंदांच्या अंतरानं 9 हाका. एकूण 2 तास 11 मिनिटं. तेवढा वेळ माझ्या सर्व्हरनं माझ्या भुताशी संसार केला असता.

मग सतत हाका माराव्यात का? ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग 32 हजार बिट्सवरून 40 बिट्सवर कोसळला. अंतर जेमतेम 400 यार्ड. उत्तरं उशिरा येत होती. यंत्रांना वाटलं पाकिटं हरवली, म्हणून तीच तीच पुन्हा पाठवली गेली आणि गर्दी वाढतच गेली. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये तोड सांगितली : उत्तराला सरासरी किती वेळ लागतो एवढंच मोजू नका, तो किती हेलकावतो तेही मोजा आणि त्यावरून धीर किती धरायचा ते ठरवा. आमच्या हॉटस्पॉटचा हेलकावा बघता धीर बराच लागणार, हे सांगायला नको.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं ते 2012 चं मॉश. एमआयटीत बनलेला हा प्रोग्राम दर तीन सेकंदांनी हाक मारतो आणि उत्तर नाही आलं तर कनेक्शन मेलं असं जाहीर करत नाही. वर निळी पट्टी दाखवतो : शेवटचा संपर्क इतक्या सेकंदांपूर्वी. बस्स. पुढचं तुम्ही ठरवा.

तो पैशांचा प्रोग्राम आता सुरू होताना सर्व्हरवर एक फाइल बनवतो. ती फाइल असेपर्यंत दुसऱ्यांदा चालत नाही. फाइलचं नाव मी 'गोळा' ठेवलंय. कंपनीतल्या कुणालाच त्याचा अर्थ कळत नाही.